आपला माणूस म्हणजे कोण? राखीव मतदारसंघातील अस्मिता आणि मताचे स्वातंत्र्य

२०२४ साली भंडारदरा परिसरातील माणसाने सहा-सात महिन्यांत दोनदा मत दिले. १३ मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. या दोन मतदानांच्या मधल्या काळात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मतदानवर्तनाचा भाग शिकवीत होतो. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतून येणारी विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या वाडीत सांगतात, आपल्या माणसाला मत द्या. पण विधानसभेला उभे राहतात ते सगळेच आदिवासी असतात. मग आपल्या माणसाला म्हणजे कुणाला? आणि लोकसभेला तर आमच्यातलं कुणी उभंच राहू शकत नाही. तिथं आपला माणूस कोण?"

वर्ग हसला. मी पुस्तकातली दोन-चार वाक्ये सांगून वेळ मारून नेली. परंतु त्या मुलीने विचारलेला प्रश्न गेली नव्वद वर्षे आपल्या चळवळीला पडलेला आहे, हे घरी गेल्यावर ध्यानात आले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. भंडारदरा हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या कुशीतले ठिकाण. प्रवरा नदीवरचे येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या मळ्यांत जाते. तिथे ऊस पिकतो, कारखाने चालतात, आणि कारखान्यांभोवती जिल्ह्याचे राजकारण फिरते. धरणाच्या वरच्या गावांत भात, नागली आणि हिरडा. सुगी संपली की पुष्कळ कुटुंबे नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर यांची. बौद्धांची घरे थोडी, बहुतेक गावांच्या कडेला.

या भागाचा विधानसभा मतदारसंघ अकोले. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. लोकसभा मतदारसंघ शिर्डी. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे भंडारदऱ्याचा बौद्ध मतदार विधानसभेला उभा राहू शकत नाही, आदिवासीला मत देतो. येथला आदिवासी मतदार लोकसभेला उभा राहू शकत नाही, तो अनुसूचित जातीच्या उमेदवाराला मत देतो. दोन्ही वेळा यंत्रावरच्या सर्व नावांची जात वा जमात कायद्याने आधीच ठरवून दिलेली असते. अशा ठिकाणी 'आपल्या माणसाला मत द्या' या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. मतदाराला विचार करावाच लागतो. त्यामुळे अस्मिता आणि स्वतंत्र विचार यांचे नाते तपासायला भंडारदऱ्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

२

राखीव जागा आज जशी आहे तशी का झाली, हे आपल्या पुष्कळ पदवीधरांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून थोडे मागे गेले पाहिजे.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघातून मिळाल्या होत्या. या जागांवरचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदार निवडणार होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही अस्पृश्यांना दुसरे मत होते. म्हणजे आपला प्रतिनिधी आपण निवडायचा आणि इतरांच्या उमेदवारालाही आपल्या दारात यायला लावायचे, अशी दुहेरी ताकद त्यात होती. गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले.

करारात एक संरक्षण ठेवले होते. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून सर्व समाजांनी मिळून एक निवडायचा. ही प्राथमिक निवडणूक दहा वर्षांपुरतीच होती. स्वतंत्र भारताच्या निवडणुकांत ती नाही. आज कोणत्याही पक्षाने कोणत्याही राखीव जागेवर कुणाला उभे करावे, हे त्या पक्षाचे नेते ठरवतात, आणि निवड सर्व समाजांच्या मतांनी होते. शिर्डीसारख्या मतदारसंघात अनुसूचित जातींचे मतदार अल्पसंख्य आहेत. तेथे निवडून येणारा माणूस जन्माने आपल्यातला असतो, पण त्याची निवड आणि पुढची उमेदवारी दुसऱ्यांच्या हाती असते. राखीव जागा आपली उपस्थिती पक्की करते. त्या उपस्थितीला आवाज आहे की नाही, हे राखीव जागा पाहत नाही.

याचा पहिला कडू अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतला. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मध्य मुंबईतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते उभे होते. त्यांना हरवणारे काँग्रेसचे नारायण काजरोळकर हेही अस्पृश्य समाजातलेच होते. सुमारे साडेचौदा हजार मतांनी राज्यघटनेचा शिल्पकार पडला. १९५४ साली विदर्भातील भंडारा पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा काँग्रेसच्या अस्पृश्य उमेदवाराकडून, भाऊराव बोरकरांकडून, पराभूत झाले.

भंडाऱ्याच्या निवडणुकीतील एक गोष्ट जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. तेव्हा काही मतदारसंघांत एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा असत आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. एक मत आपल्या उमेदवाराला देऊन दुसरे मुद्दाम वाया घालवणे याला 'मत कुजवणे' म्हणत. तसे केले तर बाबासाहेब निवडून येण्याची शक्यता वाढते, असे काही कार्यकर्त्यांचे गणित होते. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. दुसरे मत समाजवादी अशोक मेहता यांना द्या, असे त्यांनी सांगितले. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. स्वतःच्या पराभवाची शक्यता दिसत असतानाही आपल्या माणसांच्या हातातले एकही मत कुजू द्यायचे नाही, ही त्यांची भूमिका होती.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच्या नावात जात नव्हती. कोकणातील खोतीविरुद्ध त्या पक्षाने सर्व जातींच्या कुळांना बरोबर घेतले. १९४२ साली त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढले. त्याच्या नावातच अस्पृश्यांची वेगळी ओळख होती. शेवटी त्यांनी सर्वांसाठी खुल्या रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. तो पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. माणूस तोच, समाज तोच, ध्येय तेच, पण वीस वर्षांत राजकीय उत्तरे तीन. जो नेता परिस्थिती पाहून आपले उत्तर बदलत होता, त्याच्या नावाने आज आपल्याला विचार न करता एका चिन्हावर बोट ठेवायला सांगितले जाते. १९४९ साली घटना समितीतील अखेरच्या भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीबद्दल जो इशारा दिला होता, तो इतरांइतकाच आपल्यालाही लागू आहे.

३

येथे एकगठ्ठा मतांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वर्तमानपत्रांतून आणि शिकलेल्या लोकांच्या बैठकांतून दलितांच्या 'गठ्ठा मतदाना'ची नेहमी कुचेष्टा होते. जणू बाकीचे सर्व समाज एकेकटे बसून जाहीरनामे वाचतात आणि दलित तेवढे मेंढरांसारखे जातात. ही कुचेष्टा करणाऱ्यांना गठ्ठ्याचा इतिहास माहीत नाही.

माझे आजोबा १९५७ च्या सुमारास कोपरगावच्या बाजूला एका मळ्यात सालगडी होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. मळ्याच्या मालकाने सर्व गड्यांना बोलावून सांगितले होते, बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. महारवाड्यातील माणसे आदल्या रात्री बसली आणि ठरवले की बैलजोडीच्या पेटीत टाकायची नाही. सकाळी आजोबा रांगेत मालकाच्या डोळ्यांसमोरून आत गेले. पडद्याआड त्यांनी चिठ्ठी दुसऱ्या पेटीत टाकली आणि बाहेर येऊन मालकाला रामराम केला. ही हकिगत ते म्हातारपणीही रंगवून सांगत. त्या वर्षी कोपरगावातून बी. सी. कांबळे आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इतर समाजांची मतेही त्यांना मिळाली.

महारवाड्याने त्या रात्री एकत्र बसून जे ठरवले ते गठ्ठा मतदानच होते. परंतु तेच त्या माणसांचे पहिले स्वतंत्र मतही होते. एकट्या सालगड्याला मालकाविरुद्ध जाण्याची हिंमत होत नाही. पन्नास जण एकत्र ठरवतात तेव्हा ती येते. ज्याच्या पाठीशी जमीन, सोयरीक, पतपेढी आणि कारखाना आहे, त्याला एकट्याने विचार करणे परवडते. ज्याच्या पाठीशी फक्त आपला वाडा आहे, त्याचे स्वातंत्र्य वाड्यापासूनच सुरू होते.

म्हणून गठ्ठा बांधला हा दोष नव्हे. त्या गठ्ठ्याची गाठ कुणाच्या हातात आहे, हे पाहिले पाहिजे. आजोबांच्या वाड्यात ती बसलेल्या माणसांच्या हातात होती. पुढे ती पुढाऱ्यांच्या हातात गेली. १९६७ नंतर रिपब्लिकन पक्षाचा एक गट काँग्रेसबरोबर गेला, फुटीमागून फुटी झाल्या, आणि प्रत्येक गट आपल्या मागच्या मतांचा आकडा दाखवून बोलणी करू लागला. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. अत्याचार थांबत नाहीत तर मत कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. वरळीची दंगल झाली, भागवत जाधव यांचा बळी गेला, आणि काँग्रेसचे उमेदवार पडले. मत न देणे हेही सामुदायिक मत असू शकते, हे त्या तरुणांनी दाखवले. १९९८ साली रिपब्लिकन एकजूट आणि काँग्रेस यांच्या समझोत्यातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे जण खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. एकजूट फार टिकली नाही, पण राखीव जागेबाहेरही आपली माणसे निवडून येऊ शकतात हे सिद्ध झाले.

आणि २००९ साली ही सारी कथा आमच्या शिर्डी मतदारसंघात आली. रामदास आठवले काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने उभे होते. समोर शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे. दोघेही अनुसूचित जातीचे. जिल्ह्यातील सहकारसम्राट कागदावर आठवल्यांच्या बाजूचे होते. आठवले सव्वा लाखाहून अधिक मतांनी पडले. मित्रपक्षांनी आपले काम केले नाही, अशी तक्रार त्यांनी केली. बौद्ध वस्त्यांत त्या रात्री चुली पेटल्या नाहीत, असे मी ऐकले आहे. दोन वर्षांनी, २०११ साली, तेच आठवले शिवसेना आणि भाजपबरोबर गेले. ज्या वस्त्यांनी एका बाजूला जीव टाकून मते दिली, त्यांना बाजू बदलण्यापूर्वी कुणी विचारले होते? पुढे २०१४ साली वाकचौरे काँग्रेसकडून उभे राहून पडले आणि २०२४ साली उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे राहून निवडून आले. उमेदवार पक्ष बदलतात, नेते आघाड्या बदलतात आणि मतदाराने मात्र निष्ठावंत राहावे, अशी अपेक्षा असते. पक्ष बदलण्याचा अधिकार नेत्याला आहे, तर मत बदलण्याचा अधिकार मतदाराला का नसावा?

४

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव पाहण्यासारखा आहे, कारण पँथर हे नावही आपण तेथूनच घेतले.

गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून तेथले कृष्णवर्णीय मतदार अनेक दशके रिपब्लिकन पक्षाबरोबर होते. दक्षिणेत तर बहुसंख्यांना मतच देऊ दिले जात नव्हते. महामंदीच्या काळात भाकरीचा प्रश्न उभा राहिला आणि १९३६ साली त्यांतील बहुसंख्य मतदार डेमोक्रॅटिक पक्षाचे रूझवेल्ट यांच्याकडे वळले. १९६० च्या दशकातील नागरी हक्कांच्या लढ्याने आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने हे नाते पक्के झाले. १९३६ साली ज्यांनी पक्ष बदलला त्यांनी आपला वर्ण सोडला नव्हता. उलट वर्णामुळे जे भोगत होते त्याचा विचार करूनच त्यांनी पक्ष बदलला.

परंतु पक्के झालेले नाते हळूहळू गृहीत धरले जाते. मे २०२० मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडेन एका आकाशवाणी कार्यक्रमात अशा आशयाचे बोलून गेले की, मला मत द्यावे की ट्रम्पना, हा प्रश्न ज्याला पडतो तो कृष्णवर्णीयच नव्हे. टीका झाली, त्यांनी त्याच दिवशी खेद व्यक्त केला. त्यांच्या बाजूने काही चांगली कामे असतीलही. तरी मत कुणाला देतो यावरून माणसाचा वर्ण ठरवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

आपल्याकडे हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. अमक्याला मत दिले नाहीस तर तू बाबासाहेबांचा नाहीस. २०२४ च्या लोकसभेला शिर्डीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला नव्वद हजारांच्या आसपास मते पडली आणि विजयाचे अंतर पन्नास हजारांच्या आसपास होते. निकालानंतर एकाच वस्तीत दोन गट एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले. एक गट म्हणे, तुम्ही मते खाल्ली. दुसरा म्हणे, तुम्ही मते विकली. दोन्ही बाजूंची माणसे तीच बुद्धवंदना म्हणणारी आणि त्याच जयंतीला वर्गणी देणारी होती. वेगवेगळा विचार करूनही ती एका समाजाची राहू शकतात, हे मान्य करायला दोन्ही गट तयार नव्हते.

५

याच्या उलट बाजूचे एक दुसरे वाक्य आहे आणि ते अधिक सभ्य दिसते. 'जातीच्या वर उठा, स्वतंत्र विचार करा.' महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात हा उपदेश मला अनेकदा मिळाला आहे. तो उपदेश करणारे सहकारी स्वतःच्या तालुक्यात मत देताना सोयरीक पाहतात. नगर जिल्ह्याचे राजकारण सोयऱ्याधायऱ्यांचे आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पक्ष वेगळे असतात आणि व्याही एक असतात. त्यांची जात कारखाना, बँक, शिक्षणसंस्था या नावांनी काम करते, म्हणून ती दिसत नाही. आमची जात जयंतीच्या फलकावर असते, म्हणून ती तेवढी डोळ्यांत खुपते.

अस्मिता सोडल्यावर विचार स्वतंत्र होतो, हे खरे नाही. सोनई हे गाव याच शिर्डी मतदारसंघातील नेवासे तालुक्यात आहे. १ जानेवारी २०१३ रोजी तेथे मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१४ साली याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका शाळकरी दलित मुलाला मारून टाकण्यात आले. त्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. या दोन गावांची नावे ऐकून ज्याच्या मनात उमेदवाराला विचारण्यासारखा प्रश्न येत नाही, त्याचा विचार स्वतंत्र म्हणायचा की कोरा?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अस्मिता आपल्याला प्रश्न देते. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, कारण तो आपल्या अंगावरून गेलेला असतो. पण त्या प्रश्नाचे उत्तर कोणता उमेदवार, कोणता पक्ष, हे अस्मिता परस्पर सांगत नाही. ते प्रत्येक निवडणुकीत नव्याने शोधावे लागते. अस्मितेने आयते उत्तर दिले आहे असे जो सांगतो, तो बहुधा आपल्या नावाने दुसऱ्या कुणाशी व्यवहार करून आलेला असतो.

अकोल्याच्या मतदारांनी हे आपल्या परीने केलेले दिसते. १९८० ते २००९ अशा सलग सात निवडणुका मधुकर पिचड यांनी येथून जिंकल्या. त्या प्रत्येक वेळी पडलेले उमेदवारही आदिवासीच होते. २०१४ साली त्यांचे पुत्र वैभव पिचड राष्ट्रवादीकडून निवडून आले. २०१९ साली ते भाजपकडून उभे राहिले तेव्हा राष्ट्रवादीचे डॉ. किरण लहामटे यांनी त्यांना पन्नास हजारांहून अधिक मतांनी हरवले. जमात बदलली नव्हती, घराणे बदलले नव्हते. तरी मत बदलले. या निकालाचे कुणी काहीही कारण सांगो, पण डोंगरातला माणूस कायमचा कुणाच्या खिशात असतो हा समज त्याने खोटा ठरवला.

६

आता कामाचे बोलू. स्वतंत्र विचारासाठी तीन गोष्टी लागतात असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे गुप्तता. मतपत्रिकेच्या काळात मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. यंत्रे आल्यापासून मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. डोंगरातल्या लहान केंद्रावर कोणत्या वाडीने किती मते कुणाला दिली, हे निकालाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळते. मग नळयोजना कुठे अडली आणि घरकुलाच्या यादीतून कोण गळाले, याचा अर्थ लोक आपोआप लावतात. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे साधन वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले होते. विधी आयोगानेही २०१५ साली त्याला पाठिंबा दिला. ते अमलात आलेले नाही. आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. आजोबांना पडदा मिळाला होता, तो नातवालाही मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. ती कुणालाही पाहता येते. आपले विद्यार्थी ती वस्तीत वाचून दाखवू शकतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी असलेला निधी कुठे खर्च झाला, शिष्यवृत्ती किती महिने थकली, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे किती दावे पडून आहेत, १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभा खरोखर भरते की सह्या घरोघर फिरतात, अत्याचाराच्या प्रकरणात लोकप्रतिनिधी पोलीस ठाण्यात कुणाच्या बाजूने बसला, हे प्रश्न सर्व उमेदवारांना सारखे विचारता येतात. कुणीच पात्र नसेल तर २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही मार्ग आहे. तो राग म्हणून वापरण्यापेक्षा १९७४ च्या पँथरप्रमाणे कारण जाहीर सांगून वापरावा.

तिसरी गोष्ट म्हणजे एकमेकांच्या प्रश्नाची ओळख. भंडारदऱ्यात बौद्ध मतदार आदिवासी आमदार निवडायला मदत करतो आणि आदिवासी मतदार अनुसूचित जातीचा खासदार निवडायला. मग बौद्धाने आमदाराला वनहक्काचे विचारावे आणि आदिवासीने खासदाराला सोनईचे विचारावे, असे का होऊ नये? पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाची व्याख्या अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया अशी सर्वांना घेऊन केली होती. त्या व्याख्येचा अर्थ मला पुस्तकात जेवढा कळला नव्हता तेवढा या मतदारसंघाच्या रचनेत कळला. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, लोकसभेला आपला माणूस कोण, त्याचे उत्तरही मला येथेच दिसते. जो तिच्या वाडीचा प्रश्न आपला मानतो तो तिचा माणूस. त्याचा दाखला कोणत्याही जातीचा असो.

७

शेवटी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आपलेही सांगितले पाहिजे.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. घरात वर्तमानपत्र मी वाचतो, भाषणे मी ऐकतो. म्हणून लोकसभेच्या आदल्या रात्री मी आईला समजावू लागलो, की या वेळी कुणाचे बटण दाबायचे आणि का. ती भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाटलाचं ऐकायचं सोडलं ते काय तुझं ऐकाया सोडलं व्हय?" मी गप्प झालो.

नंतर विचार करताना आजोबांच्या हकिगतीतली एक गोष्ट प्रथमच खटकली. त्या रात्री महारवाड्यात बसलेली सगळी माणसे पुरुष होती. आजीने कुणाच्या पेटीत चिठ्ठी टाकली, हे आजोबांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मालकाच्या हुकुमातून सुटलेले मत घरच्या पुरुषाच्या हुकुमात गेले होते, आणि आता ते शिकलेल्या मुलाच्या हुकुमात जायचे होते. आपल्या वस्त्यांतल्या बैठका आजही बहुधा अशाच होतात. बायका चहा करतात आणि निर्णय नंतर त्यांना कळवला जातो. निम्मा समाज बाहेर ठेवून ठरवलेल्या मताला समाजाचे मत म्हणता येणार नाही. कार्यकर्त्यांनी आणि माझ्यासारख्या मास्तरांनी हे आधी आपल्या घरात पाहावे.

आईने कुणाला मत दिले, हे मला आजही माहीत नाही.

विधानसभेच्या आधी त्या विद्यार्थिनीला मी वर्गात अर्धवट दिलेले उत्तर पुन्हा दिले. आपला माणूस कोण हे आधी ठरवू नकोस, आपला प्रश्न कोणता हे आधी लिहून काढ, असे सांगितले. तिने वाडीतल्या बायकांना विचारून वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहून आणल्या: उन्हाळ्यात धरण समोर असताना विहिरीत पाणी नसते, मुलींच्या वसतिगृहाला जागा अपुरी आहे, जमातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. उमेदवार वाडीपर्यंत आले नाहीत. त्यांचे कार्यकर्ते आले तेव्हा तिने ते पान प्रत्येकाला वाचून दाखवले. एकाने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले, दुसरा म्हणाला, "ताई, हे नंतर बघू, आधी आपल्या माणसाला निवडून आणू." वाडीतल्या बायका त्यावर हसल्या, एवढे तिने मला येऊन सांगितले.